कुरणे कोणाची? ८३ व्या स्तोत्राविषयी

आसाफाच्या नावावर असलेल्या स्तोत्रांपैकी ८३ वे स्तोत्र शेवटचे. अदोमापासून अश्शूरपर्यंत दहा शत्रूंची नावे घेऊन कवी गिदोनाने पराभूत केलेल्या मिद्यानी राजांचे स्मरण करतो. देवाची कुरणे बळकावण्याची भाषा त्याने त्यांच्याच तोंडी घातली आहे.

येथे लक्षात येते, की ही भूमी ‘आमची’ असे कवी म्हणत नाही. ती देवाची आहे. लेवीय ग्रंथही इस्राएलाला तिच्यावरील उपरीच मानतो. मग भूमीचा लोभ हे केवळ परक्यांचे पाप राहत नाही. नाबोथाचा द्राक्षमळा हिरावणारा अहाब इस्राएलाचाच राजा होता.

शापवाणीच्या कठोरतेमुळे १९७१ साली हे स्तोत्र प्रहरांच्या प्रार्थनेतून वगळण्यात आले. त्यामागील भावना समजण्यासारखी आहे; परंतु त्याबरोबर एक मोलाची याचनाही कानाआड झाली. शत्रूंनी लज्जित होऊन परमेश्वराच्या नामाचा शोध घ्यावा, असे कवी मागतो आणि लगेच पुन्हा त्यांचा नाशही मागतो. हा विसंवाद झाकू नये. बांधावरून भावाशी अबोला धरून प्रार्थनेला बसणाऱ्याच्या मनातही तोच असतो.