सर्वांत मोठी मूळ संख्या: बातमीत काय राहून गेलं?

ऑक्टोबर २०२४ मधली ‘जगातली सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली’ ही बातमी तुम्ही वाचली असेलच. दोनचा १३,६२,७९,८४१ वा घात घ्या, त्यातून एक वजा करा. संख्या ४,१०,२४,३२० अंकी. बातम्यांचा सगळा भर या अंकांवर, छापायला किती पानं लागतील वगैरे. पण ती मूळ आहे हे कळलं कसं? संशोधनाकडे वळणाऱ्याने विचारायचा प्रश्न हा, आणि नेमका तोच गाळला होता.

एवढ्या मोठ्या संख्येचे अवयव पाडत कुणी बसत नाही. ती मर्सेन प्रकारातली आहे, आणि या प्रकाराला लुकास-लेमर ही खास कसोटी लागू पडते. ३१ वर (दोनचा पाचवा घात वजा एक) करून बघा. ४ पासून सुरू करा. वर्ग करा, २ वजा करा, ३१ ने भागून बाकी ठेवा. १४ येतात, मग ८, मग ०. घातांकापेक्षा दोन कमी, म्हणजे तीनच पायऱ्या. शून्य आलं, म्हणून ३१ मूळ. घातांक ११ घेतलात तर शून्य येणार नाही, कारण २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. नुसता घातांक मूळ असून भागत नाही!

आपल्या संख्येला अशा १३ कोटींहून जास्त पायऱ्या लागतात, आणि मध्येच यंत्राचा एक बिट चुकला तरी उत्तर वाया. म्हणून जिम्प्स प्रकल्पात आधी फर्माच्या कसोटीवर आधारलेली चाचणी होते. तिच्यात चालू गणितातली चूक पकडायची सोय आहे. ११ ऑक्टोबरला डब्लिनमधल्या ग्राफिक्स प्रोसेसरने कळवलं ते फक्त ‘बहुधा मूळ’. दुसऱ्या दिवशी सॅन अँटोनिओत लुकास-लेमर झाली. जाहीर केलं २१ तारखेला. हा ‘बहुधा’ माझ्या मते या कामातला सर्वांत मोलाचा शब्द, पण बातम्यांनी तो खाऊन टाकला.

‘याने इंटरनेटची सुरक्षा वाढेल’ हे तर सोडूनच द्या. आरएसएच्या किल्लीला साधारण तीनशे-सहाशे अंकी मूळ संख्या पुरतात, आणि त्या गुप्त असाव्या लागतात. ही तर सगळ्या जगाला माहीत!

आणखी एक. काही ठिकाणी ‘५२ वी मर्सेन मूळ संख्या’ असं छापलं होतं. खरं म्हणजे ५२ वी *ज्ञात*. शोध चढत्या क्रमाने लागतातच असं नाही. ४,३१,१२,६०९ हा घातांक ऑगस्ट २००८ मध्ये सापडला, आणि त्याहून लहान ४,२६,४३,८०१ हा २००९ मध्ये. तेव्हा मधे एखादी राहून गेली असेल, तर या संख्येचा क्रमांक उद्या बदलेल.