घानातली वीज आणि उरणचे बंदर

अँडी ग्रीनबर्ग या अमेरिकी पत्रकाराचे ‘सँडवर्म’ हे पुस्तक २०१९ मध्ये निघाले. रशियाच्या लष्करी हेरखात्यातील एका पथकाने युक्रेनवर केलेले संगणकहल्ले हा त्याचा विषय. आम्ही ते हाती घेतले ते शेजारच्या बंदरासाठी. रसायनीच्या पाताळगंगा औद्योगिक वसाहतीतला माल न्हावा-शेव्याच्या बंदरातून परदेशी जातो. २७ जून २०१७ रोजी तिथल्या, मर्स्क समूहाकडे असलेल्या गेटवे टर्मिनलचे संगणक बंद पडले आणि कंटेनर तुंबले. शेजारची इतर टर्मिनल्स चालू होती. पुस्तकात बाधित बंदरांच्या यादीत ‘मुंबई’ हे नाव येऊन जाते. बंदर रायगडातल्या उरण तालुक्यात आहे, असो.

‘नॉटपेट्या’ या आज्ञावलीचा मर्स्कमधला प्रवास हा पुस्तकाचा सर्वांत सकस भाग. ओडेसाच्या कार्यालयात एका संगणकावर युक्रेनमधली एक हिशेबाची आज्ञावली बसवलेली होती. तिच्या नेहमीच्या सुधारित आवृत्तीतूनच हल्लेखोर आत आले. पुढे दोन वाटा. विंडोजमध्ये संगणकांनी एकमेकांच्या फाइली वापरण्याची जी सोय असते, तिच्यात एक भगदाड होते. मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच ते बुजवण्याची दुरुस्ती दिली होती, पण ती सगळीकडे बसवलेली नव्हती. दुसरी वाट अधिक विचार करण्यासारखी आहे. एखाद्या संगणकावर काम करणाऱ्याचा परवलीचा शब्द त्याच्या स्मृतीत राहतो. तो उचलता आला, आणि तो व्यवस्थापकाचा असला, की दुरुस्ती केलेले संगणकही उघडतात. म्हणजे शंभरांपैकी नव्व्याण्णव यंत्रे नीट ठेवली तरी उरलेले एक पुरते.

इथेच आमची तक्रार आहे. हे तत्त्व लेखकाला ठाऊक आहे, पण हेरकथेच्या वेगात तो त्यावर थांबत नाही. हल्लेखोर कोण, या शोधाला मिळालेली जागा जाल कसे बांधले होते याला मिळत नाही. शिक्षकाला मात्र दुसराच प्रश्न हवा असतो. आमच्या रसायनीसारख्या ठिकाणी राहणाऱ्याला तो समजावणे सोपे आहे. रसायनांच्या टाक्यांभोवती बांध घालतात, कारण गळती कधीतरी होणार हे गृहीत असते. एका टाकीचे रसायन दुसरीपर्यंत पोचू नये एवढेच पाहायचे. मर्स्कच्या जालात असे बांध पुरेसे नव्हते. तिथल्या तंत्रज्ञांनी ते आधीच सांगितले होते, पैसेही मंजूर झाले होते. पण त्या कामावर वरिष्ठांचा बोनस अवलंबून नव्हता, म्हणून ते रेंगाळले. ग्रीनबर्ग हे दोन-चार वाक्यांत सांगतात. आम्हाला यावर एक प्रकरण चालले असते.

घानाची हकीकत मात्र त्यांनी उत्तम रंगवली आहे. कोणी कुठे प्रवेश करायचा याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर मर्स्ककडे होते. प्रत्येक सर्व्हर इतरांची राखीव प्रत, अशी योजना. पण सगळे एकाच जालात, त्यामुळे सगळे एकदमच पुसले गेले. उरला तो घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती! तिथून माहिती पाठवायला जोडणी अपुरी, कर्मचाऱ्याकडे ब्रिटनचा व्हिसा नाही. शेवटी डिस्क नायजेरियाच्या विमानतळावर एका हातातून दुसऱ्या हातात देऊन इंग्लंडला नेली. कंपनीने पुढे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. ‘प्रती भरपूर आहेत’ आणि ‘एक प्रत जालाबाहेर आहे’ यांतला फरक कोणत्याही व्याख्येपेक्षा या हकीकतीने चांगला कळतो.

आपल्या धड्यांत तारा, वलय, वाहिनी अशा जालाच्या आकृत्या येतात आणि शेवटी ‘विषाणूरोधक वापरावा’ अशी एक ओळ. कोणता संगणक कोणावर विश्वास ठेवतो हे त्या आकृत्यांत दिसत नाही. शिक्षकांनी मर्स्कची प्रकरणे आधी वाचावीत, उरलेली सवडीने. मग मोठ्या मुलांना शाळेच्या संगणककक्षाचा नकाशा काढायला सांगावा. तारा नकोत; कोणत्या यंत्रावरून कोणाच्या फाइली उघडतात, कोणता परवलीचा शब्द किती ठिकाणी चालतो आणि गुणपत्रकांची प्रत कोणत्या कपाटात आहे, एवढेच बाणांनी दाखवावे.