बिऱ्हाड आणि हजेरी

मोटारगाडीतच अंथरूण, चूल आणि पाण्याचे पिंप बसवून महिनोन्महिने हिंडावयाचे, आणि तत्पूर्वी घरातील बहुतेक जिनसा वाटून टाकावयाच्या, अशा जीवनक्रमाची ओढ सुशिक्षित तरुणांस अलीकडे लागली आहे. कोल्हापुरातील बैठकींतही हा विषय आता निघतो. या मंडळींच्या तयारीच्या याद्या वाचताना लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ हे आत्मकथन पुन्हा हाती घ्यावेसे वाटले. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या व १९८१ चे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळविलेल्या या ग्रंथाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण अल्प सामानानिशी फिरते राहणे म्हणजे काय, हा प्रश्न मनात ठेवून तो वाचला की त्याचे निराळेच अंग दिसू लागते.

ग्रंथातील कुटुंब कैकाड्याचे. संसार गाढवांच्या पाठीवर, मुक्काम गावाच्या कडेला. कैकाड्यांचा परंपरागत धंदा फोकांपासून कणग्या, डालग्या, पाट्या विणण्याचा. कणगी हवी ती दुसऱ्याचे वर्षाचे धान्य साठविण्यास. विणणाऱ्याच्या पालात उद्याच्या भाकरीचे पीठ असेलच असे नाही. अपरिग्रहाचे व्रत घेणाऱ्याने काही नाकारलेले असते. येथे नाकारण्याजोगे हाती आलेलेच नसते. लेखक हे सूत्र कोठेही मांडीत बसत नाही, आणि तेच बरे.

फिरस्तेपण सर्वत्र सारखेच हीन लेखले जाते असेही नाही. आमच्या बाजूचा मेंढपाळ धनगर घोड्यावर घोंगडी, भांडी आणि चालू न शकणारी कोकरे लादून हिंडतो, तेव्हा रानात मेंढरे बसवावीत म्हणून शेतकरी त्याला धान्य वा पैसे देतो. लेंडीखताने रान कसदार होते, म्हणून त्याची वाट पाहिली जाते. सामान त्याचेही थोडेच. कैकाड्याच्या पाठीवर मात्र सामानाहून जड असे गावाचे संशयी डोळे असतात.

या संशयाला सरकारने कायद्याचे रूप दिले होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. पुढे मुंबई इलाख्यात कैकाड्यांचाही त्यांत समावेश झाला. त्यांच्या मागे हजेरीचा ससेमिरा लागला. कोल्हापूर संस्थानातही काही जातींवर हजेरीची सक्ती असे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली ती पद्धत बंद केली. उर्वरित देशात मूळ कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले. माने यांचा जन्म १९४९ चा. म्हणजे कायदा त्यांच्या बालपणीच गेला, नजर मात्र राहिली.

‘उपरा’त हजेरी येते ती दुसरी, शाळेतली. मुलाने शिकावे हा बापाचा हट्ट. आणि बिऱ्हाड हलले की शाळा मागे पडावयाची. पाटीदप्तर गाढवावर लादता येते, पटावरचे नाव लादता येत नाही. माझ्या मते ग्रंथाचे सारे बळ या ओढाताणीत आहे. पूर्वार्धातील बोली काही वाचकांस अडेल. अडू द्यावी, तिला परीटघडीची भाषा नेसविली असती तर पुस्तक मेले असते. उत्तरार्धात, विशेषतः जातीबाहेरील विवाह आणि जातपंचायतीचा रोष यांच्या कथनात, प्रसंगांची दाटी होते. वाचकाला जेथे थांबावेसे वाटते तेथून लेखक घाईने पुढे जातो. पालाच्या वर्णनातला संथ, नेमका हात येथे सुटला आहे.

मोटारीत राहावयास निघालेल्यांच्या याद्यांत दोन ताटे, एक तवा, एक घोंगडी असा सारा हिशेब असतो. गाडीच्या नोंदणीस मात्र पत्ता द्यावाच लागतो, आणि तो बहुधा आईवडिलांच्या घराचा असतो. त्या यादीत हे घर कोणी लिहीत नाही. ‘उपरा’तील बापाजवळ नेमके तेच नव्हते.