काविळीची माळ: अर्धाच प्रयोग

नांदेड-लातूरकडच्या शाळांतील विज्ञान प्रदर्शनांना परीक्षक म्हणून जाण्याचा योग आम्हाला अधूनमधून येतो. 'आजीबाईचा बटवा' हा तक्ता तेथे हमखास असतो. खोकल्याला अडुळसा, पोटदुखीला ओवा, जखमेला हळद आणि त्याच ओळीत, त्याच अक्षरात, काविळीला माळ! शेजारच्या टेबलावर माळेचे बिंग फोडणारा प्रयोग. दोन्हींना बक्षिसे मिळतात. आमची तक्रार दोन्हींविषयी आहे.

प्रयोग खरा आहे. हाताला आंब्याच्या सालीचा रस चोळून चुन्याच्या निवळीत हात धुतले की पाणी पिवळे होते. ती अंगातून उतरलेली कावीळ नव्हे. माळेत ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या फासांत आवळलेले असतात. काड्या सुकून आक्रसतात, फास सैल पडतात आणि डोक्यावर ठेवलेली माळ गळ्यात उतरते, पुढे पोटापर्यंत लोंबते.

पण मुलगा हे घरी सांगतो तेव्हा आजी विचारते, "अरे बाळा, मग तुझा काका बरा कसा झाला?" प्रश्न अगदी शास्त्रीय आहे आणि त्याचे उत्तर टेबलावर नसते. दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ बहुधा हेपटायटिस ए किंवा ई या विषाणूंची असते. बहुतेक रोगी काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. माळ वाढण्याचे दिवस आणि कावीळ ओसरण्याचे दिवस साधारण एकच, म्हणून श्रेय माळेला जाते. 'बहुतेक'मध्ये जे येत नाहीत त्यांचे काय? गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हेपटायटिस ई झाला तर दगावणाऱ्यांचे प्रमाण शंभरात २० ते २५ पर्यंत जाते. अशा बाईला माळ वाढण्याची वाट पाहत घरी ठेवणे जिवावर बेतते. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा मुलखात काविळीच्या तक्त्यावर पाण्याचा साधा उल्लेखही नसावा, याचे नवल वाटते.

बटव्यातले सारेच टाकाऊ, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. काविळीवरच्या भुईआवळीचे पाहा. मद्रासच्या संशोधकांनी १९८८ साली 'लॅन्सेट'मध्ये हेपटायटिस बी विषाणूच्या वाहकांवरील चाचणी प्रसिद्ध केली. भुईआवळी घेणाऱ्यांपैकी ५९ टक्क्यांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली, नुसती पूड घेणाऱ्यांत ४ टक्क्यांच्या. जगभर आशा वाटली. पुढे इतरांनी चाचण्या केल्या तेव्हा तो परिणाम दिसला नाही. 'नुसती पूड घेणारे' हा गट का ठेवला, हे नववीच्या मुलालाही समजते. तक्त्यात तो गट कधीच नसतो.

पुढच्या प्रदर्शनात एकसारख्या दोन माळा करवून घ्या. एक मुलाच्या गळ्यात, दुसरी वर्गातल्या खुंटीला. आठवडाभर रोज पट्टीने मोजा आणि आकडे फळ्यावर लिहा. पालकसभेच्या दिवशी तो फळा पुसू नका.