खुडूक यंत्राचे एकवीस दिवस

खुडूक कोंबडी टोपलीत बसली की फुगते, गुरगुरते, जवळ आलेल्या हाताला टोचते. घरगुती उबवणी यंत्र टोचत नाही, एवढाच त्याचा मोठेपणा. बाकी सगळं त्यानं तिच्याकडूनच उचललंय. थर्माकोलचा खोका, बल्ब, थर्मोस्टॅट, छोटा पंखा, पाण्याची वाटी, ऊब ३७.५ अंश सेल्सिअस. वीज अर्धा तास गेली तर धास्तावू नये. कोंबडीही दाण्यापाण्यासाठी रोज उठतेच की!

अंडं एकाच कुशीवर पडून राहिलं तर गर्भ आतल्या पापुद्र्याला चिकटतो, म्हणून कोंबडी चोचीनं अंडी सारखी सरकवत असते. आपण पेन्सिलीनं एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढून ती हातानं फिरवतो. जाणकार दिवसातून तीनदा किंवा पाचदा फिरवतो, चारदा कधीच नाही. विषम आकड्यामुळे लांबलचक रात्र अंड्याला आलटून पालटून वेगळ्या कुशीवर मिळते. एवढ्याशा हिशेबात केवढी समज!

सातव्या रात्री दिवे मालवून बोथट टोकाला टॉर्च लावावा. कोरं अंडं नुसतंच उजळतं. जिवंत अंड्यात मात्र तांबड्या शिरांचं जाळं दिसतं आणि त्यात मधेच हलणारा काळा ठिपका. तो डोळा.

बहुतेकांची नजर तिथंच खिळते. मला मात्र बोथट टोकाची हवेची पोकळी जास्त मोहवते. कवचाच्या हजारो छिद्रांतून पाणी हळूहळू उडतं, अठरा दिवसांत अंड्याचं वजन साधारण १२ टक्क्यांनी घटतं आणि तेवढी पोकळी वाढते. पाण्याची वाटी आहे ती ही गळती ताब्यात ठेवायला. हवा फार कोरडी असेल तर पिल्लू सुकतं. फार दमट असेल तर पोकळी लहान राहते आणि पहिल्या श्वासाला जागाच उरत नाही. त्या श्वासाची खोली पहिल्या दिवसापासून तयार होत असते!

अठराव्या दिवशी फिरवणं बंद करून आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर न्यायची. मग पिल्लू पोकळीत चोच खुपसतं, आतून चिवचिवतं आणि चोचीवरच्या टोकदार दातानं कवचाला बारीक चीर पाडतं. त्यानंतर कितीतरी तास काहीच घडत नाही. एकदा न राहवून मी झाकण उघडलं. दमटपणा निघून गेला आणि पापुद्रा सुकून पिल्लाला आवळून बसला. मी ज्याला थकवा समजलो ती आवराआवर होती: पापुद्र्यातलं रक्त शरीरात ओढलं जात होतं, उरलेला बलक पोटात शिरत होता. ती उरकली की पिल्लू गोल फिरत कवच कातरतं आणि टोपी काढावी तसं टोक अलगद उडवतं.

पोटातल्या त्या बलकावर ते दोन दिवस दाण्यापाण्यावाचून राहू शकतं. तेव्हा लव वाळून फुलेपर्यंत झाकणाला हात लावू नका.