भरमार: भर किती, मार किती?

(पिंपळगाव राजा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, बंदूक कधी चालवली नाही. तेव्हा हे गृहस्थ शिकारीवर काय बोलणार, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. रास्त आहे. पण शिकारीच्या गोष्टी आम्ही पुष्कळ वाचल्या, त्याहून जास्त ऐकल्या, आणि त्यांत एकच तर्कदोष पुन्हा पुन्हा आढळला. तो गोष्टीतच राहिला असता तर आमची हरकत नव्हती. पण तो तुमच्या तुरीत, जागलीच्या माळ्यावर येऊन बसला आहे.

शिकारकथा कशी सुरू होते? आजोबांची दुनळी होती, नळी एवढी की अंगठा आत जावा. मग जंगल, मग बार, मग जनावर लोळलं. बंदुकीत भरलं काय होतं, हे मात्र क्वचितच कुणी सांगतो. नळीची थोरवी गायची आणि भर गाळायची, ही या कथांची जुनी खोड. आमच्या मते मुख्य निर्णय त्या गाळलेल्या जागीच झालेला असतो.

आधी 'बोअर' म्हणजे काय ते पाहू. एक पौंड शिशाच्या सारख्या 12 गोळ्या केल्या, तर त्यांतली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसते ती बारा बोअर. साधारण साडेअठरा मिलिमीटरची. आठच गोळ्या केल्या तर गोळी मोठी, नळीही मोठी. ती आठ बोअर, एकवीस मिलिमीटरच्या थोडी वर. म्हणजे आकडा लहान तशी नळी मोठी. छर्र्याच्या नंबराचंही तसंच. इंग्रजी मापात 6 नंबरचे 270 छर्रे एका औंसात बसतात, 4 नंबरचे 170, आणि एसजी म्हणतात ते फक्त 8.

आता दोष कुठे, ते बघा. बारा बोअरमध्ये सव्वा औंसाच्या जरा आत, समजा 32 ग्रॅम शिसं भरलं, तर 6 नंबरचे तीनशेच्या आसपास छर्रे होतात. आठ बोअरमध्ये दोन औंस भरलं तर 540. संख्या वाढली, छर्र्यांची गर्दी दाट झाली. पण एकेक छर्रा तोच, दहावा हिस्सा ग्रॅमचा. वेगातही फार फरक नाही. नळीबाहेर पडल्यावर आपण कोणत्या नळीतून आलो, हे छर्र्याला ठाऊक नसतं. मोठी बंदूक, म्हणून तिचा प्रत्येक कण मोठा, हे अनुमान चूक आहे. आमचे नैयायिक अवयव आणि अवयवी वेगळे मानतात. अवयवीचा गुण अवयवाच्या माथी मारला की काय होतं, त्याचं इतकं रोकडं उदाहरण आम्हाला वर्गात कधी सापडलं नाही.

मग मोठ्या नळीचा उपयोग काहीच नाही का? आहे. लांबच्या बदकाला जाड छर्रा लागतो, जाड छर्रे औंसात कमी बसतात, म्हणून जास्त औंस पेलणारी नळी हवी. क्रम लक्षात घ्या: आधी जनावर आणि अंतर, मग छर्रा, मग संख्या, सर्वांत शेवटी नळी. शिकारकथा हा क्रम उलटा चालवते. आणि जुन्या नळ्या काळ्या दारूच्या काळातल्या. डमास्कस पद्धतीच्या पिळाच्या नळीत आजचं काडतूस घातलं, तर जनावराआधी बंदूकवालाच जायचा.

सालीम अलींनीही अभ्यासासाठी पक्षी मारले. पण नमुने गोळा करणारा अभ्यासक छोट्या पक्ष्याला बारीकात बारीक छर्रा वापरतो, कारण कातडं फाटलं तर नमुना वाया जातो. त्याचा प्रश्न 'पुरेसं किती?' एवढाच असतो. हा प्रश्न शिकारकथेत आम्हाला क्वचितच भेटला.

आता आपल्या भरमारकडे येऊ. शब्दच बोलका आहे: भर, मग मार. 1959 च्या शस्त्र कायद्यातलं तेरावं कलम पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देतं. त्याच कलमात गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक येते, तिची नळी वीस इंचांहून आखूड नको असंही सांगितलंय. म्हणजे कायद्याने नळी मोजली. कोणत्या जनावराला कोणती भर, हे त्या कलमात नाही. मग रात्री भरमारीत काय जातं? हाताला लागेल ते. सायकलचे छर्रे, लोखंडाचे तुकडे. वाकडा तुकडा सरळ जात नाही, आणि गेला तरी खोल जात नाही.

मघाशी एका शेतकरी दादांनी विचारलं, "मग रोह्याला कोणता नंबर?" दादा, प्रामाणिक उत्तर असं की कोणताच नाही. नर रोही दोनशे किलोंच्या वर जातो. बारा बोअरमधून एसजीचे नऊ दाणे सुटतात, तेही पसरत जातात. त्यातला एखादा पोटात बसला, तर जनावर मरायला दोन दिवस लागतात, तेही दुसऱ्याच्या शिवारात. शिवाय बंदुकीचा परवाना म्हणजे मारण्याची परवानगी नव्हे. 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या अकराव्या कलमात उभ्या पिकाचं नुकसान धरलेलं आहे, पण परवानगी वेगळी आणि लेखी लागते.

आमच्या परंपरेनेही हा प्रश्न अर्धाच विचारला. मनूने कामातून उपजणाऱ्या दहा व्यसनांत मृगया पहिली ठेवली. कौटिल्याने द्यूताच्या तुलनेत तिची बाजू घेतली: व्यायाम होतो, स्थिर आणि चल लक्ष्यावर हात बसतो, जनावराचं मन कळतं. दोघांचा हिशेब राजाच्या नफ्यातोट्याचा. जखमी जनावर कुणाच्याच वहीत नाही.

ते आलं, दशरथाच्या गोष्टीत. अंधारात पाण्याचा आवाज झाला, राजाला वाटलं हत्ती, बाण सुटला. तिथे ज्याला बाण लागला तो बोलू शकत होता, म्हणून राजाला कळलं आपण काय केलं. डुक्कर बोलत नाही. आणि तुरीतल्या खसफशीवर बार टाकणाऱ्याला, पलीकडे डुक्कर आहे की शेजारचा जागल्या, हे तरी कुठे दिसतं?

तुमचं पीक जातं हे आम्ही नाकारत नाही. शहरात बसून प्राणिप्रेम सांगणं सोपं आहे. हरभऱ्याचं वावर एका रात्रीत उलथलेलं ज्याने पाहिलं, त्याचा राग खरा आहे. पण रागाने भरलेली बंदूक पीक राखत नाही. ती जखमी जनावर तयार करते, आणि जखमी रानडुकराइतकं धोक्याचं शेतात दुसरं काही नाही.

म्हणून मंडळी, एवढंच करा. पुढच्या वेळी पारावर कुणी शिकारीची गोष्ट रंगवू लागला, की नळी केवढी होती ते विचारू नका. विचारा: भरलं काय होतं? आणि बार लागल्यावर जनावर सापडलं का?

दुसऱ्या प्रश्नाला तो गप्प बसला, तर गोष्ट तिथे संपलेली नाही, असं समजा.

आम्ही इथे थांबतो.