उंबरठ्यावरचा प्रश्न

बाबुराव बागुल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. दलित साहित्याच्या वाटचालीतील महत्त्वाचा टप्पा म्हणून त्याचा गौरव झाला. आपल्या ख्रिस्ती घरांतून मात्र तो फारसा वाचला गेला नसावा. त्यातील शीर्षककथा आम्ही अलीकडे पुन्हा वाचली आणि ती आपल्याही दारात येऊन उभी राहते, असे आम्हांस जाणवले.

कथा घडते सुरतेजवळच्या उधना येथे. पश्चिम रेल्वेच्या ज्या मार्गावर वांद्रे, बोरिवली आणि आपली वसई आहे, त्याच मार्गावर पुढे हे गाव लागते. रेल्वेत नोकरीस लागलेला एक दलित तरुण तेथे खोली शोधतो. तो कवी आहे. घरमालकापुढे तो स्वतःला मुंबईकर म्हणवतो. जात सांगत नाही. त्याला खोली मिळते, मानही मिळतो. त्याच्याच जातीचा काशिनाथ मात्र आपली जात उघड सांगतो आणि अवहेलना सोसूनही ताठ राहतो. पुढे निवेदकाची जात कळते, तेव्हा मानाच्या जागी मार वाट्याला येतो. त्याला सोडवायला धावतो तो काशिनाथच.

बागुलांनी घरमालकाला राक्षस केलेले नाही, हे या कथेचे सामर्थ्य आहे. त्याचे अगत्य खोटे नाही. पण त्या अगत्याला एक न बोललेली अट आहे. शीर्षकातील ‘चोरली’ हा शब्द म्हणूनच झोंबतो. या माणसाने दुसऱ्याचे काहीच नेलेले नाही, फक्त स्वतःची ओळख लपवली आहे. तरी चोर तोच ठरतो. उणीव सांगायची तर निवेदकाचे बोलणे काही ठिकाणी भाषणाच्या अंगाने जाते आणि तेथे कथेची पकड सैल होते.

ही कथा जुनी झाली, असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. मुंबईच्या उपनगरांत भाड्याने घर शोधणाऱ्याला आजही आडनाव विचारले जाते; मासमच्छी खाता काय, असेही विचारले जाते. कित्येक मुसलमान व दलित कुटुंबांना ‘खोली कालच गेली’ असे उत्तर मिळते. आपल्यापैकीही काहींनी ते ऐकले आहे आणि त्याची खंत आपण बोलून दाखवतो.

पण आपल्या उंबरठ्याचे काय? वांद्रे-सांताक्रूझ परिसरात कॅथलिकांनी आपल्या सहकारी वसाहती उभारल्या. लहान समाजाने आपली बोली, आपली वाडी जपावी, यात गैर काही नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा संस्थेचा अधिकार मान्य केला. मात्र जो नियम आपल्याला कुंपण देतो, तोच दुसऱ्याच्या फाटकावर आपल्याला अडवतो, हे विसरता येत नाही.

वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘हरित वसई’चा लढा दिला तो जमिनी व पाणी गिळणाऱ्या बांधकामांविरुद्ध. डोक्यावर छप्पर शोधत आलेल्या गरिबाविरुद्ध तो नव्हता. ‘बाहेरचे’ हा शब्द आपण सहज उच्चारतो, तेव्हा हा भेद आपल्या मनात शिल्लक असतो काय?

नाताळात आपण गव्हाण सजवतो. उतारशाळेत जागा न मिळालेल्या कुटुंबाची ती आठवण होय. येत्या आगमनकाळात धर्मग्रामांतील वाचनमंडळांनी ही कथा एकत्र वाचावी, असे आम्हांस सुचवावेसे वाटते. वाचून झाल्यावर एकच प्रश्न चर्चेस घ्यावा : काशिनाथाने आपले खरे नाव सांगून आपल्या आळीत खोली मागितली, तर आपण त्याला काय उत्तर देऊ?